पाडलेला पब पुन्हा उभा राहिला, पण तळघराचं काय?

आज थेट विषयाला हात घालतो.

एप्रिल २०१५. लंडनमध्ये ईस्टरची सुट्टी. शहराच्या वायव्येला, किलबर्न आणि मेडा वेल या दोन भागांच्या सीमेवर कार्ल्टन टॅव्हर्न नावाचा एक पब आहे. १९२०-२१ साली चॅरिंग्टन या ब्रुअरीने बांधलेला. लाल विटा, समोर चकचकीत टाइल्स, टाइल्सवरच ब्रुअरीचं नाव. पब चालवणाऱ्या बाईंना मालक कंपनीकडून निरोप येतो की सोमवारी बंद ठेवा, आतल्या सामानाची मोजदाद करायची आहे. बाई बंद ठेवतात. दोन दिवसांनी येऊन बघतात तर मोजायला काही उरलेलंच नाही. बुलडोझरने अख्खी इमारत खाली आलेली.

डेव्हलपरला तिथे फ्लॅट बांधायचे होते. वेस्टमिन्स्टरच्या कौन्सिलने, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारख्या संस्थेने, ती परवानगी आधीच नाकारलेली. शिवाय काही दिवसांतच त्या इमारतीला वारसा इमारतीचा दर्जा मिळण्याच्या बेतात होता. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला ओळखीची आहे, मुंबई-पुण्यात जुने वाडे आणि बंगले कसे ‘अचानक’ पडतात ते आपण पाहतो. पुढची गोष्ट मात्र ओळखीची नाही. आजूबाजूच्या रहिवाशांना डेव्हलपरचा संशय आधीपासूनच होता. त्यांनी पाठपुरावा केल्यामुळे इमारतीच्या तपशीलवार नोंदी, फोटो आणि प्लास्टरचे साचे आधीच घेऊन ठेवलेले होते. आपल्या भाषेत, बॅकअप घेतलेला होता! कौन्सिलने आदेश काढला की जशी होती तशी, विटेला वीट लावून, परत बांधा. डेव्हलपर अपिलात गेला. २०१६ मध्ये तो तिथेही हरला. आणि खरोखर, ढिगाऱ्यातून वाचवलेल्या विटा वापरून तो पब परत उभा राहिला.

ही बातमी तेव्हा जगभर फिरली. लोकांना न्याय मिळाल्यासारखं वाटलं, मलाही वाटलं. पण मला त्यात एक वेगळाच प्रश्न सापडला, आणि आजचा भाग त्याच्यावर आहे. विटा जशाच्या तशा लावल्या, लाकडी काउंटर जसाच्या तसा बनवला, टाइल्स जुळवल्या. एवढं केल्यावर ती वास्तू परत ‘पब’ होते का? की पबसारखी दिसणारी खोली होते?

माझं उत्तर असं की ते काउंटरवर बघून कळत नाही. काउंटरच्या खाली तळघर असतं, तिथे बघावं लागतं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ‘पब’ म्हटलं की मोठ्या आवाजातलं संगीत, बाउन्सर, एंट्री फी असं चित्र येतं. ब्रिटनमधला पब तसा नसतो. शब्दच ‘पब्लिक हाउस’ वरून आलाय. गल्लीच्या कोपऱ्यावरची बैठक म्हणा. आजोबा कोपऱ्यात पेपर वाचतायत, कुत्रा टेबलाखाली झोपलाय, कुणीतरी नुसती कॉफी पितंय. त्यामुळे जे पीत नाहीत त्यांनी लगेच पॉडकास्ट बंद करू नका, यात तुमच्याही कामाचं आहे.

तर तळघर. मी लंडनला ऑनसाइट होतो तेव्हा ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीने एका पबच्या सेलरमध्ये उतरायला मिळालं. अरुंद जिना, गारवा, ओल्या पावासारखा वास. लाकडाच्या घडवंचीवर धातूची पिंपं आडवी झोपवलेली. या पिंपांना तिकडे ‘कास्क’ म्हणतात. (मजा म्हणजे आपला ‘पिंप’ हा शब्दही पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलाय, आणि पिपा म्हणजे दारूचं पिंपच. आपण त्यात पाणी भरलं.)

कास्क एलमध्ये खास काय असतं? एल हा बिअरचा एक जुना प्रकार. साधारण बिअर कारखान्यात पूर्ण तयार होते, गाळली जाते, पिंपात भरली जाते आणि गॅसच्या दाबाने नळातून बाहेर येते. कास्क एल ब्रुअरीतून निघते तेव्हा पूर्ण झालेलीच नसते. तिच्यात यीस्ट जिवंत असतं, थोडी साखर शिल्लक असते. पबच्या तळघरात आल्यावरही ती आंबत राहते आणि त्यातूनच तिच्यात हलका फेस तयार होतो. वेगळा गॅस घालत नाहीत. म्हणजे शेवटचा टप्पा थेट प्रॉडक्शनमध्ये होतो, आणि तो सांभाळायची जबाबदारी ब्रुअरीवर नाही, पबवाल्यावर असते. घरी लावलेलं विरजण आणि टेट्रापॅकमधलं ताक यात जो फरक आहे, साधारण तोच.

सांभाळायचं कसं? पिंपाच्या वरच्या बाजूला बूच असतं. त्यात आधी सच्छिद्र लाकडाची एक छोटी खुंटी ठोकतात, म्हणजे जास्तीचा वायू हळूहळू बाहेर जातो. फेस शांत झाला की ती काढून घट्ट लाकडाची खुंटी लावतात, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. एवढ्याशा दोन खुंट्यांवर सगळं व्हॉल्व्हचं काम! मग गाळ तळाशी बसेपर्यंत पिंपाला हात लावायचा नाही. तापमान ११ ते १३ अंश. ‘इंग्रज लोक कोमट बिअर पितात’ हा विनोद इथूनच आलाय, पण १२ अंश म्हणजे काही कोमट नाही, पुण्यातल्या थंडीतल्या पहाटेचं पाणी समजा.

इथे शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. गाळ लवकर बसावा म्हणून परंपरेने जो पदार्थ घालतात तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतो. पालघरच्या कोळी बांधवांना घोळ मासा मिळाला आणि लाखो रुपये आले अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या माशाला एवढा भाव येतो तो याच पिशवीमुळे, आणि तिच्या अनेक उपयोगांपैकी बिअर आणि वाइन नितळ करणं हा एक. हल्ली बऱ्याच ब्रुअरी हे घालत नाहीत, बिअर थोडी गढूळच देतात. बारवर विचारलं तर सांगतात.

वर काउंटरवर लांब दांड्याचा हँडपंप असतो. आपल्या गावातला हापसाच, फक्त पॉलिश केलेला. दांडा ओढला की खालच्या पिंपातून बिअर वर येते, दोन-तीन वेळा ओढलं की एक पाइंट भरतो. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर.

आणि आता खरी गोम. दांडा ओढला की पिंपातून जेवढी बिअर गेली तेवढी हवा आत येते. हवा आली की ऑक्सिजन आला, ऑक्सिजन आला की बिअर शिळी व्हायला लागते. पिंप उघडल्यापासून साधारण तीन दिवस. चौथ्या दिवशी चव उतरते, पाचव्या दिवशी आंबट पाणी.

हिशोब करा. सगळ्यात जास्त वापरात असलेलं पिंप ‘फर्किन’ असतं, नऊ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट. तळाचा गाळ सोडून देऊ. तीन दिवसांत ७२ पाइंट म्हणजे दिवसाला २४ ग्लास, एका हँडपंपमागे. सोमवारी, पावसात, मॅच नसतानाही! काउंटरवर सहा हँडपंप असतील तर दिवसाला १४४ ग्लास. एवढे लोक आले नाहीत तर दोनच मार्ग उरतात, बिअर ओतून द्या नाहीतर शिळी विका. दुसरा मार्ग घेतला की आलेला माणूस परत येत नाही, मग विक्री आणखी कमी, मग बिअर आणखी शिळी. कोणत्याही सिस्टिमची सगळ्यात वाईट अवस्था असते तशी ही, स्वतःलाच खात जाणारी.

म्हणूनच नूतनीकरण झालेल्या पबमध्ये गेलो की मी आधी हँडपंप मोजतो. पितळ चकाकतंय, जुन्या ब्रुअरीचे आरसे लावलेत, भिंतीवर न वाचली जाणारी पुस्तकं आहेत आणि हँडपंप आठ, अन् माणसं पाच. अशा ठिकाणी मी मुकाट्याने लिंबू-सोडा घेतो. याउलट दोनच हँडपंप आणि काउंटरशी चार जण उभे असतील, तर तिथली बिअर बहुतेक ताजी. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली आपल्या मनातल्या आदर्श पबवर एक लेख लिहिला होता, ‘द मून अंडर वॉटर’ नावाचा. त्यातही खोट्या तुळया आणि ओकच्या नावाखाली लावलेलं प्लास्टिक त्याला नको होतं. शेवटी त्याने कबूल केलं की असा पब अस्तित्वातच नाही. गंमत म्हणजे पुढे वेदरस्पून या मोठ्या साखळीने आपल्या अनेक पबना तेच नाव दिलं.

मग एवढी कटकट करतात कशाला, असं तुम्ही म्हणाल. मोठ्या ब्रुअरींनाही तेच वाटलं. १९६०च्या दशकात त्यांनी पिंपातलं यीस्ट मारून, गाळून, गॅस भरलेली ‘केग’ बिअर आणली. आठवडेच्या आठवडे टिकते, कुणीही ओतू शकतं, सगळीकडे एकच चव. ऑपरेशन्सच्या दृष्टीने शंभर टक्के शहाणपणाचा निर्णय. चव मात्र गेली. १९७१ मध्ये चार इंग्रज मित्रांनी या विरोधात एक संघटना काढली, तीही इंग्लंडमध्ये नाही तर सुट्टीवर असताना, आयर्लंडच्या पश्चिम टोकावरच्या एका बारमध्ये. कॅम्पेन फॉर रिअल एल, थोडक्यात ‘कॅम्रा’. कॅमेरा नाही, कॅम्रा. आज तिचे दीड लाखाच्या आसपास सभासद आहेत. ग्राहकांनीच चालवलेली एवढी मोठी चळवळ, आणि विषय काय, तर ताजी बिअर. मला हे लोक आवडतात. थोडे हट्टी असतात, पिंपाच्या खुंटीवर अर्धा तास वाद घालतात, पण कोड रिव्ह्यूमध्ये आपण वेगळं काय करतो?

पण कॅम्राने चव वाचवली, तरी पब कमी होत गेले. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहेत. सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, कर, वीजबिल, २००७ पर्यंत सगळीकडे लागू झालेली सिगारेटबंदी, तरुणांचं कमी पिणं, अशी बरीच कारणं सांगतात. एक कारण आपल्याला चटकन समजेल, ते म्हणजे जमिनीचा भाव. चालणारा पबसुद्धा पाडून फ्लॅट केले तर जास्त पैसे मिळतात. २०१७ पर्यंत इंग्लंडमध्ये बहुतेक पब पाडायला किंवा त्यांचं दुकान करायला नियोजनाची वेगळी परवानगीसुद्धा लागत नसे. त्या वर्षी मे महिन्यात कायदा बदलला. तरी २०२३ मध्ये स्टॅफर्डशायरमधला ‘क्रुकेड हाउस’, खाणींमुळे जमीन खचून तिरका झालेला प्रसिद्ध पब, विकला गेल्यानंतर काही दिवसांत आगीत सापडला आणि दोन दिवसांत पाडला गेला. तिथेही कौन्सिलने परत बांधायचा आदेश काढला.

आता खाण्याकडे येतो, कारण माझ्या मते बहुतेक नूतनीकरणं इथेच फसतात. पबचं खाणं मुळात हाताशी धरून खायचं. डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे, व्हिनेगरमध्ये मुरवलेलं अंडं, स्कॉच एग म्हणजे उकडलेल्या अंड्याभोवती खिमा लावून तळलेला गोळा. याच स्कॉच एगवरून २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांना पत्रकारांना उत्तरं द्यावी लागली, कारण कोविडच्या नियमात ‘भरपेट जेवणासोबतच दारू द्या’ असं होतं आणि अंडं भरपेट आहे का हे कुणालाच कळेना. मग ‘प्लाउमन्स लंच’, शब्दशः नांगरणाऱ्याची न्याहारी, म्हणजे पाव, चीज, कांदा, लोणचं. आपल्या भाकरी-कांदा-ठेच्याची इंग्रज चुलत बहीण. नाव ऐकून वाटतं किती पुरातन! पाव-चीज जुनंच आहे, पण हे नाव आणि ही थाळी सगळीकडे पोहोचली ती युद्धानंतरचं रेशनिंग संपल्यावर, चीजचा खप वाढवण्यासाठी केलेल्या जाहिरातींमुळे. म्हणजे ‘पारंपरिक’ हा शब्द मेन्यूवर दिसला की थोडं थांबायचं.

१९९१ मध्ये लंडनच्या फॅरिंगडन भागात ‘द ईगल’ नावाच्या पबने काउंटरमागेच स्वयंपाकघर उघडलं आणि चांगलं जेवण द्यायला सुरुवात केली. तिथून ‘गॅस्ट्रोपब’ हा प्रकार आला. ईगलचं मला कौतुकच आहे. पण त्याची नक्कल करणाऱ्यांनी प्रत्येक टेबलावर काटे-चमचे मांडले, ‘रिझर्व्ह्ड’च्या पाट्या ठेवल्या आणि एक ग्लास हातात घेऊन उभं राहणाऱ्या शेजाऱ्याला जागाच ठेवली नाही. जेवायला आलेलं जोडपं वाइन मागतं. मग दिवसाचे ते २४ ग्लास कोण पिणार? जेवणातून भाडं निघतं हे खरं, नुसत्या बिअरवर आज पब चालवणं अवघड आहे. तरी काउंटरची निदान दहा फूट लांबी मोकळी हवी. हा माझा हट्ट आहे, आर्किटेक्ट मंडळींनी माफ करावं.

बरं, ‘शेजारी’ म्हणजे कोण? जुन्या पबबद्दल हळवं होऊन बोलताना हा प्रश्न विसरला जातो. १९६५ च्या फेब्रुवारीत माल्कम एक्स बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गावात आले होते. तिथल्या काही पबमध्ये गोऱ्यांशिवाय इतरांना ठरावीक खोल्यांत बसूच देत नसत, आणि त्यांनाही तोच अनुभव आला. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे पंजाबी कामगार या भेदभावाविरुद्ध लढत होते. त्याच वर्षी संसदेत कायदा झाला आणि सार्वजनिक जागांमधला असा भेदभाव बेकायदेशीर ठरला. पुढे ओतशाळा बंद पडत गेल्या, पब ओस पडू लागले, आणि त्यांपैकी कितीतरी पब याच समाजातल्या लोकांनी चालवायला घेतले. आज त्या भागात ‘देसी पब’ हा एक वेगळा प्रकारच झालाय. हँडपंप तोच, आरसे तेच, आणि स्वयंपाकघरातून सुर्र आवाज करत तंदुरी मिक्स्ड ग्रिलची तापलेली प्लेट येते. २०२३ मध्ये ‘देसी पब्ज’ नावाचं अख्खं पुस्तक निघालं, आणि ते छापलं कुणी, तर त्याच कॅम्राने. मला विचाराल तर जुन्या पबचं यापेक्षा चांगलं नूतनीकरण सापडणं कठीण. भिंतींना फारसा हात न लावता तळघरातलं पिंप तीन दिवसांत संपायला लागलं.

दुसरं उदाहरण दक्षिण लंडनमधल्या नन्हेडचं, ‘आयव्ही हाउस’. १९३०च्या दशकातला, आत सुंदर लाकूडकाम असलेला पब. मालकांनी अचानक बंद केला. २०११ च्या एका कायद्यात अशी सोय आहे की एखादी वास्तू वस्तीसाठी मोलाची आहे अशी नोंद झाली, तर ती विकताना सहा महिने थांबावं लागतं आणि तेवढ्या वेळात रहिवासी पैसे उभे करून बोली लावू शकतात. अशी नोंद झालेला हा पहिला पब. २०१३ मध्ये साडेतीनशेहून जास्त भागधारकांनी तो विकत घेतला. आपल्या सहकारी सोसायटीसारखाच प्रकार. यात एक फायदा असा की ज्याचा शेअर आहे तो सोमवारी पावसातसुद्धा येतो!

तुमच्यापैकी बरेच जण शिकायला किंवा कामाला तिकडे जाल, म्हणून थोडं व्यवहाराचं. टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, काउंटरवर जाऊन मागायचं. रांग दिसत नाही पण असते, आपल्या आधी कोण आलं ते लक्षात ठेवायचं. कास्क एल आधी चाखून बघायची असेल तर घोटभर देतात, लाजू नका. अर्धा पाइंट मागितला तर कुणी हसत नाही. बिअर आंबट लागली तर शांतपणे सांगायचं, चांगला पबवाला वाद न घालता बदलून देतो, कारण पिंप संपत आलंय हे त्यालाही माहीत असतं. आणि नवा झालेला जुना पब असेल तर एवढंच विचारा, ‘आज सगळ्यात जास्त काय खपतंय?’ तेच घ्या.

कार्ल्टन टॅव्हर्न शेवटी एप्रिल २०२१ मध्ये उघडला. तेव्हा कोविडचे निर्बंध होते आणि इंग्लंडमध्ये पबना फक्त बाहेर, उघड्यावर बसवायची परवानगी होती. म्हणजे सहा वर्षं भांडून, साचे जुळवून, विटेला वीट लावून जी खोली परत बांधली, तिच्या आत बसायची सोय पहिल्या दिवशी नव्हतीच. लोक बाहेर थंडीत जॅकेटं घालून बसले आणि पिंपं उघडली गेली.

चला, भेटू पुढच्या भागात.